संगणकाचा शिष्टाचार

दिवाळी अंकात समीक्षा लिहावयाची ती कादंबरीची, कवितासंग्रहाची, फार तर एखाद्या नाटकाची, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी येथे समीक्षेला घेतले आहे ते वाङ्मय जरा वेगळे आहे. ते कोणी हौसेने वाचत नाही; त्याच्या लेखकाचे नाव कोणास ठाऊक नसते; आणि तरीही त्याच्या वाचनातून आज एकाही घराची सुटका नाही. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर जी वाक्ये उमटतात, जे चौकोन भरून मागितले जातात, ज्या बटणांवर बोट ठेवावे लागते, त्या सगळ्याला मी वाङ्मय म्हणतो. कारण ते कोणीतरी कोणाला तरी उद्देशून लिहिलेले असते. ज्याला लेखक आहे नि वाचक आहे, त्याची समीक्षा व्हावयास हरकत कोणती?

प्रथम भाषा घेऊ. शाळेत मुलांचे अर्ज भरण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे असते, त्यामुळे हे वाङ्मय मला सक्तीने वाचावे लागते. एका अर्जात चौथीतल्या मुलीचे नाव लिहिले, तो चौकोनाखाली तांबड्या अक्षरांत उमटले : 'अवैध नाव'. मराठीत दारूची भट्टी अवैध असते, वाळूचा उपसा अवैध असतो. लेकराचे नाव अवैध कसे होईल? त्या चौकोनाला सांगावयाचे होते ते इतकेच की, येथे नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. इंग्रजी शब्दाला कोशात पहिला दिसलेला प्रतिशब्द चिकटवला आणि पोर गुन्हेगार ठरली. दुसऱ्या ठिकाणी वाचले, 'हे क्षेत्र अनिवार्य आहे'. करवीर क्षेत्रात राहणाऱ्या माणसाला क्षेत्र म्हटले की अंबाबाईचे देऊळ आठवते, रिकामा चौकोन नव्हे. अर्ज भरता भरता कोणी बोलावले म्हणून पाच मिनिटे उठून जावे, तर परत आल्यावर 'सत्र समाप्त झाले' असा निरोप! आमच्या शाळेत सत्र संपते ते दिवाळीच्या तोंडावर, आणि मुले उड्या मारतात. येथे सत्र संपणे म्हणजे लिहिलेले सारे पुसले जाणे. सर्वांत मौजेचे कोडे पुढेच आहे. 'अर्ज रद्द करावयाचा आहे काय?' असा प्रश्न, आणि खाली दोन बटणे : 'ठीक' आणि 'रद्द'. आता रद्द करणे रद्द करावयाचे असेल त्याने कोणते दाबावे? मी मराठीचे व्याकरण शिकवतो. मलाही थांबून विचार करावा लागतो.

हा केवळ भाषांतराचा दोष आहे, मूळ इंग्रजीत सारे आलबेल असेल, असा कोणाचा समज असल्यास तो सोडून द्यावा. १९९५ साली आलेल्या 'विंडोज ९५' मध्ये संगणक बंद करण्यासाठी आधी 'स्टार्ट', म्हणजे 'सुरू', या बटणाकडे जावे लागे, आणि साऱ्या जगाने ते निमूटपणे पाठ केले. हे हसण्यावारी नेता येते. पण नेहमीच येत नाही. 'थेरॅक-२५' नावाचे कर्करोगावरील किरणोपचाराचे एक यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत व कॅनडात सहा रुग्णांना त्यातून किरणांची भलतीच मोठी मात्रा बसली. त्यांतले काही दगावले. दोष यंत्राला चालविणाऱ्या आज्ञावलीत होता. परंतु टेक्सासमधील रुग्णालयात तसे घडले तेव्हा पडद्यावर उमटले ते एवढेच : 'बिघाड ५४'. म्हणजे काय, याचा उलगडा सोबतच्या पुस्तिकेत नव्हता. असले निरोप वरचेवर येत आणि एक कळ दाबली की काम पुढे सरके, म्हणून चालविणाराने ती दाबली. वाचकाला कळेल असे एक वाक्य त्या जागी असते तर? भाषेच्या शिक्षकाला हा प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही.

आता लिपीकडे वळू. 'कोल्हापूर' हा शब्द पाटीवर लिहा. पहिलीतले मूल मोजून सांगेल, चार अक्षरे. संगणक मोजतो नऊ. काना, उकार, ओकार, पाय मोडण्याची खूण, प्रत्येकाचा तो वेगळा हिशेब धरतो. आतल्या सोयीसाठी त्याने खुशाल नऊ धरावेत. पण 'नाव इतक्या अक्षरांत लिहा' असे सांगून तोच हिशेब माणसावर लादला, की लांब नावाच्या माणसाचे आडनाव मधेच तुटते. मोबाइलवरचा साधा संदेश इंग्रजीत १६० अक्षरांचा होतो. देवनागरीत लिहू लागलो की ती मर्यादा ७० चिन्हांवर येते, आणि त्यातही काना-मात्रा मोजल्या जातात.

कळफलकाची गोष्ट याहून उद्बोधक आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची मांडणी केलेली आहे. १९९१ साली तिला राष्ट्रीय मानकात स्थान मिळाले. ती मोठ्या विचाराने केली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, अगदी आपल्या वर्णमालेप्रमाणे. दऱ्याखोऱ्यांतल्या 'ऱ्या' ची सोयसुद्धा तीत आहे. पण दुकानात जाऊन कळफलक मागा. बहुतेकांच्या कळांवर केवळ रोमन अक्षरे छापलेली. उत्तम ग्रंथ छापला आणि गोदामात कुलूप लावून ठेवला, तशातली गत! मग मराठी माणूस 'दऱ्या' लिहावयास रोमन अक्षरे जुळवतो आणि पुष्कळदा त्याच्यापुढे 'दर्या' येऊन उभा राहतो. डोंगरातला माणूस एका क्षणात समुद्रावर!

येथवर मी भाषेचे नि लिपीचे बोललो. परंतु माझी खरी तक्रार शिष्टाचाराची आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जाईना म्हणून एका विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे आले. शेतकरी माणूस, हिशेबाला पक्का, गुळाच्या सौद्यात कोणाला ऐकावयाचा नाही. तीन दिवस त्यांनी खेपा घातल्या होत्या. म्हणाले, "गुर्जी, माझंच काय तरी चुकत असंल. आमी अडाणी मानसं." चुकले काहीच नव्हते. जन्मतारीख तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ घालून लिहावयाची होती, आणि तसे कोठेही सांगितलेले नव्हते. हाच माणूस कापशीचे पायताण घेतो. ते चावू लागले तर थेट कारागिराकडे जाऊन त्याच्यापुढे टाकतो. 'माझा पायच चुकीचा' असे तो म्हणत नाही, आणि कारागीरही त्याच्या पायाला अवैध ठरवीत नाही. तो पट्टा सैल करतो, तेल लावावयास सांगतो, आणि चार दिवसांत चामडे पायाचे वळण घेते. आमच्या संगणकाचे उलटे आहे. येथे पायाने पायताणाचे वळण घ्यावयाचे. आणि ते कसेबसे घेतले, तोच 'सुधारित आवृत्ती' येते नि सारी बटणे जागा बदलतात. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन विद्वानाने १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंवर पुस्तक लिहिले. दार ढकलावे की ओढावे हे कळत नसेल तर दोष दाराच्या रचनेचा, माणसाचा नव्हे, असे त्याचे म्हणणे. आपल्या शेतकऱ्याला पायताणाच्या बाबतीत हे ठाऊकच आहे. पडद्यापुढे आला की तो ते विसरतो.

आणि ही विसर फार महाग पडू शकते. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांना करोनाची लस खुली झाली. पण तिच्यासाठी 'कोविन' वर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. ती व्यवस्था तेव्हा इंग्रजीत होती. मोबाइल हवा, त्यावर येणारा आकडा वेळेत भरावयास हवा, आणि जागा तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपत. शहरातील चपळ बोटांनी खेड्यांतल्या केंद्रांवरील जागा पटकावल्या, ही तक्रार त्या महिन्यात महाराष्ट्रात जागोजाग ऐकू आली. सरकारने २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची वाट मोकळी केली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात या डिजिटल दरीबद्दल चिंता व्यक्त केली. प्रादेशिक भाषांचा अभाव आणि दृष्टिहीनांची अडचण दाखवून दिली. जूनमध्ये मराठी आली. नोंदणीच्या पडद्याचे परीक्षण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला करावे लागले, याहून त्याचे महत्त्व मी अधिक काय सांगू?

समीक्षकाने केवळ दोष दाखवू नयेत, असा संकेत आहे. आणि सुदैवाने गुण दाखवावयास जागा आहे. भाजी मंडईत पाटीपाशी ठेवलेली ती लहानशी पेटी पाहा. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे दिले की ती खणखणीत मराठीत रक्कम सांगते. मावशींना चष्मा शोधावा लागत नाही, मेथीची जुडी हातातून खाली ठेवावी लागत नाही. बँकेच्या यंत्राचेही तसेच. आधी पैसे हाती आले की माणूस कार्ड विसरून निघून जाई. म्हणून पुष्कळ यंत्रांत आधी कार्ड परत आणि मग पैसे, असा क्रम लावला गेला. 'विसरू नका' असा उपदेश करण्यापेक्षा विसरताच येणार नाही अशी रचना केली. विंडोजमधील 'मंगल' हे देवनागरी अक्षरवळण र. कृ. जोशी या सुलेखनकाराने सिद्ध केले. अक्षरावर जन्मभर प्रेम केलेला माणूस यंत्राच्या कामी बसविला तर यंत्रही नेटके दिसते, याचे ते उदाहरण आहे. तात्पर्य, हे अशक्य नाही. जेथे करणाराने वापरणाराकडे पाहिले, तेथे काम साधले.

यावर उपाय साधा आहे आणि स्वस्तही. जेकब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाचा अनुभव असा की, पाच माणसांना वापरावयास दिले तरी रचनेतल्या बहुतेक अडचणी उघड्या पडतात. मग प्रत्येक कार्यालयाने आपला अर्ज लोकांपुढे ठेवण्याआधी एक शेतकरी, एक आजी, एक शिक्षक, एक दुकानदार आणि एक दहावीचे पोर, एवढ्यांना बसवून तो भरून घ्यावा आणि मुकाट्याने पाहत राहावे. आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. या दिवाळीत पाहुणे जमतील, आजोबा हातातला मोबाइल पुढे करून 'हे मला काही जमत नाही रे' म्हणतील. त्यांच्या हातून तो ओढून घेऊन झटपट बोटे चालवू नका. शेजारी बसा, पडद्यावरचे वाक्य त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचा. आणि ते वाक्य वाईट लिहिलेले असेल, तर तसे त्यांना स्पष्ट सांगा.