बर्बनची चव नेमकी आली कुठून? एका घरगुती कृतीची चिकित्सा

पेपर वाचायला शिकायचं म्हणजे दर वेळी पेपरच हातात घ्यायला हवा असं नाही. आज आपण एक कृती तपासू. अमेरिकेत 1978 च्या कायद्यानं घरी बिअर बनवायला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. तिथल्या हौशी मंडळींमध्ये स्टाउट, पोर्टरसारख्या काळ्या बिअरला बर्बन व्हिस्कीची चव द्यायची एक पद्धत फार लोकप्रिय आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, तेव्हा ही कृती फक्त वाचायची.

कृती साधी आहे. ओक लाकडाचे छोटे तुकडे एक-दोन आठवडे बर्बनमध्ये भिजवायचे. मग ते बर्बनसकट, आंबवून झालेल्या साधारण 19 लिटर बिअरमध्ये टाकायचे आणि काही आठवडे थांबायचं. दावा असा, की बर्बनच्या पिंपात मुरवलेल्या बिअरची चव घरच्या घरी मिळते.

आधी कृतीची जमेची बाजू बघा. अमेरिकन नियमानुसार बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या भांड्यातच ठेवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं बाहेर पडतात आणि ती बिअरवाले घेतात. शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीनं 1990 च्या दशकात अशा पिंपात स्टाउट मुरवली आणि हा प्रकार गाजला. पण पिंप असतं सुमारे 200 लिटरचं. 19 लिटर बनवणारा माणूस ते भरणार कसं? म्हणून तुकडे. यामागचं रसायनशास्त्रही पक्कं आहे. उष्णतेनं लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन मिळतं, ओक लॅक्टोनमुळे नारळासारखा वास येतो, युजेनॉलमुळे लवंगेसारखा. ही सगळी संयुगं अल्कोहोलमध्ये विरघळतात.

मग अडचण कुठे आहे? ‘चव आली’ हे निरीक्षण आहे. ‘भिजवलेल्या लाकडामुळे आली’ हा निष्कर्ष आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये जे असायला हवं, ते कृतीत नाही.

पहिली गोष्ट, बर्बन स्वतःच ओकमध्ये मुरलेली असते. व्हॅनिलिन आणि लॅक्टोन बाटलीतूनच आले, की तुमच्या तुकड्यांतून? जिभेला ते सांगता येणार नाही. दुसरी, स्टाउटमधलं भाजलेलं माल्ट कॉफी, चॉकलेट आणि थोडा धुरकटपणा आधीच देतं. तिसरी गोष्ट अल्कोहोलची. 9 टक्क्यांच्या 19 लिटर बिअरमध्ये 45 टक्क्यांची 250 मिली बर्बन घातली, तर बिअर जवळपास 9.5 टक्क्यांवर जाते. घशातली ऊब आणि भरीवपणा यानंही थोडा बदलू शकतो. चौथी म्हणजे वेळ. काही आठवडे नुसतं ठेवूनही बिअर बदलतेच. म्हणजे एका वेळी चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिलं.

‘पिंपासारखी’ या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. पिंपाच्या फळ्यांमधून हवा अगदी सावकाश आत जाते. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तुकडे टाकून ते होत नाही. आणि तुलनेसाठी पिंपातली बिअर शेजारी ठेवलेलीच नसेल, तर ‘सारखी’ म्हणायचं कशाच्या आधारावर?

आता तुम्ही हा प्रयोग कसा आखाल? एकाच बिअरचे चार भाग करा. एकात नुसती व्होडका, दुसऱ्यात ओक भिजवलेली व्होडका तुकड्यांसकट, तिसऱ्यात नुसती बर्बन, चौथ्यात ओक भिजवलेली बर्बन तुकड्यांसकट. व्होडका आणि बर्बन सारख्याच टक्क्यांच्या, माप तेच, दिवस तेवढेच. आता अल्कोहोल, माल्ट आणि वेळ चारही भागांत समान झाले. लाकडाचा परिणाम वेगळा दिसेल, बर्बनचा वेगळा, आणि दोन्ही एकत्र आल्यावर काही जास्तीचं घडतं का, तेही कळेल.

चाखणाऱ्याला काय घातलंय हे माहीत असेल, तर हे सगळं वाया जाईल. त्यासाठी त्रिकोणी चाचणी वापरा. तीन पेल्यांपैकी दोन सारखे ठेवा आणि वेगळा ओळखायला सांगा. 12 जणांत 4 जण नुसत्या अंदाजानंही बरोबर येतील. 5 टक्के पातळीवर ‘फरक जाणवतो’ म्हणायला किमान 8 जण बरोबर यायला हवेत. बिअर हा विषय हलका वाटत असेल, तर हेही लक्षात ठेवा: आपण सगळे वापरतो ती टी-टेस्ट 1908 साली गिनेस ब्रुअरीतल्या विल्यम गॉसेटनं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं मांडली.

याच मंडळींची दुसरी एक सवय मात्र मला जास्त शास्त्रशुद्ध वाटते. ते 100 मिली बिअरमध्ये 1, 2, 3 मिली बर्बन घालून चाखतात आणि आवडलेलं प्रमाण पूर्ण बॅचला लावतात. 1 मिली आवडली तर 19 लिटरला 190 मिली. ही छोटी डोस-रिस्पॉन्स चाचणीच झाली. शिवाय लाकडानं काय केलं, असा दावा तिथे कुणी करत नाही.

या आठवड्यात तुमच्या विषयातला एक पेपर घ्या आणि फक्त मेथड्स वाचा. नेमक्या किती गोष्टी एकदम बदलल्यात ते मोजा, मग निष्कर्षात श्रेय कुणाला दिलंय ते बघा. आकडे जुळले नाहीत तर पेपर लगेच फेकून देऊ नका. कुठला कंट्रोल राहिला, ते समासात लिहून ठेवा. पुढे स्वतःचा प्रयोग आखताना याच नोंदी कामाला येतात.