पडद्यामागचे हात

जपानच्या गिफू प्रांतात, हिदा या डोंगराळ मुलखात ताकायामा हे शहर आहे. तिथल्या साकुरायामा हाचिमान देवस्थानाचा शरदोत्सव दरवर्षी ९ आणि १० ऑक्टोबरला होतो. ११ उंच रथ बाहेर काढले जातात. लाखेचे चकाकते रोगण, सोन्याचा वर्ख, बारीक कोरीवकाम, भरजरी पडदे. तिथे या रथांना ‘याताई’ म्हणतात. गर्दी मात्र लोटते ती ‘होतेइताई’पुढे, कारण कळसूत्री बाहुल्यांचा खेळ या ११ रथांत फक्त त्याच्यावर होतो.

खेळ तसा साधा. सुटलेल्या पोटाचा, हसरा होतेई उभा असतो. आपल्याकडे घराघरांत दिसणारा ‘लाफिंग बुद्धा’ तो हाच. एक मुलगा आणि एक मुलगी एका झोक्यावरून दुसऱ्यावर झेपावत येतात आणि शेवटी त्याच्या खांद्यावर जाऊन बसतात. वरून टांगणारी दोरी कुठे दिसत नाही. हात सुटतो, शरीर गिरकी घेते, पुढचा झोका पकडला जातो. ती सुटण्या-पकडण्यामधली फट हेच या खेळाचे मर्म. बाहुल्या लाकडाच्या आहेत हे ठाऊक असूनही त्या फटीत आपला श्वास अडकतो, मूल पडेल की काय असे वाटते.

या सगळ्यामागे ३६ दोऱ्या आहेत. त्या ओढणारे रथाच्या आत दडलेले असतात. बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यात बाहुली चालवणारे रंगमंचावर डोळ्यांसमोर वावरतात. इथे अख्खे कसब पडद्याआड राहते, टाळ्या बाहुल्यांना मिळतात.

खेळ संपताना होतेईच्या हातातल्या पंख्यातून एक पताका उलगडते. तिच्यावरचा विचार चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेच्या परंपरेतला: आपले तेज झाकावे, धुळीत मिसळून राहावे. सोन्याने मढवलेल्या रथावर हे वचन? वरवर विसंगत वाटते खरे. पण दोऱ्या कोण ओढतो आहे, हे आठवले की ते चपखल बसते.

हिदाचा इतिहासही त्याला दुजोरा देतो. आठव्या शतकातल्या कायद्याने या मुलखाला कापडासारखे कर माफ होते. त्याबदली दर ५० घरांमागे १० माणसे राजधानीत सुतारकामाला धाडावी लागत. देवळे, राजवाडे त्यांनी उभारले. बहुतेकांची नावे मात्र उरली नाहीत. रथांच्या कोरीवकामात याच हिदाच्या सुतारांचा वारसा आहे. तो नुसत्या नक्षीत नाही. अरुंद गल्लीत रथ वळवायचा झाला की त्याची एक बाजू उचलतात आणि खाली एक जादा चाक लावतात. त्यावर अख्खा डोलारा वळतो. ते चाक एरवी नजरेत भरत नाही.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक रथावर शंभराच्या आसपास कंदील लागतात. छायाचित्रे बहुधा तेव्हाचीच छापली जातात. तरी माझ्या मते उत्सवाचा अर्थ दुपारच्या खेळात जास्त नेमका उमगतो. देशभरातल्या ३३ रथोत्सवांपैकी एक म्हणून युनेस्कोने २०१६ साली अमूर्त वारशाच्या यादीत याची नोंद केली. त्या मानाचे खरे धनी पडद्याआडचे लोक आहेत.

जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा: पाऊस आला की रथ कोठारांतून बाहेर काढत नाहीत.