कोष्टक आणि वाक्य

दिवाळी अंकातल्या समीक्षेसाठी कादंबरी घ्यावी, कवितासंग्रह घ्यावा, फार तर एखादे आत्मचरित्र घ्यावे, अशी आपल्याकडची रीत आहे. पीएच्.डी.च्या प्रबंधासाठी या पंगतीत कोणी पान मांडत नाही. आणि बहुतेक प्रबंधांची योग्यता पाहता त्यात फारसा अन्याय होतो असेही नाही. पण अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेने 1925 साली आपल्या ग्रंथमालेतले पहिले पुस्तक म्हणून 'स्टेलर ॲटमॉस्फिअर्स' हा जो प्रबंध छापला, तो अपवाद मानावा लागेल. लेखिका सिसिलिया पेन, वय पंचवीस. विषय, ताऱ्यांची वातावरणे. विश्वात सर्वांत मुबलक पदार्थ कोणता, याचे उत्तर या पुस्तकातल्या एका कोष्टकात आहे. आणि त्याच प्रकरणातल्या एका वाक्याने ते उत्तर परत घेतलेले आहे. खगोलशास्त्रात लिहिला गेलेला हा सर्वांत तेजस्वी प्रबंध, असा निर्वाळा पुढे 1962 साली ऑटो स्ट्रूव्हसारख्या जाणकाराने आपल्या सहलेखिकेसह दिला. निर्वाळा मान्य करूनही ते वाक्य डोळ्यांत सलत राहतेच.

पुस्तकात शिरण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका हवी, आणि ती सांगायला दिवाळीइतका सोयीचा सण नाही. शोभेच्या दारूत स्ट्रॉन्शियमचा क्षार घातला की तांबडा उजेड पडतो, बेरियमचा घातला की हिरवा. स्वयंपाकघरात मिठाचे पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडले की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा प्रताप. प्रत्येक मूलद्रव्याला असा आपापला रंग असतो. लोलकातून नीट पाहिले तर तो एक रंग नसून बारीक रेघांचा ठरावीक संच असतो, आणि एकाचा संच दुसऱ्याला कधी लागू पडत नाही. तापलेल्या वायूत या रेघा उजळ दिसतात. मात्र मागून प्रखर उजेड येत असला आणि पुढचा वायू त्या मानाने थंड असला, तर नेमक्या त्याच जागी काळ्या रेघा उमटतात. सूर्याच्या वर्णपटातल्या अशा पाचशेहून अधिक रेघा फ्राउनहोफरने 1814 साली टिपून ठेवल्या होत्या. पण त्यांचा अर्थ लागला 1859 साली, किर्खोफ आणि बुन्सेन यांच्या प्रयोगांमुळे. मधल्या काळात, 1835 साली, ऑग्यूस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने तारे कशाचे बनले आहेत हे मनुष्याला कदापि कळणार नाही असे ठासून सांगितले होते. तत्त्वज्ञांनी 'कदापि' हा शब्द जपून वापरावा.

रेघा वाचता येऊ लागल्या आणि सगळ्यांनी एक सरळ हिशेब मांडला. ज्याच्या रेघा ठळक, तो पदार्थ जास्त. ज्याच्या फिकट, तो कमी. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेघांची नुसती दाटी आहे. तेव्हा सूर्य म्हणजे तापून वायुरूप झालेली पृथ्वीच, असे अनुमान निघाले. प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल हे त्या काळचे अमेरिकेतले या विषयातले पहिले नाव. त्यांनी 1914 साली सूर्याचा वर्णपट आणि पृथ्वीचे कवच यांच्या साम्यावर खास लेख लिहिला होता. या अनुमानात अडाणीपणा नव्हता. हाती असलेल्या पुराव्यावरून शहाणा मनुष्य हेच म्हणाला असता.

त्या हिशेबातली चूक ज्याच्या समीकरणाने उघडी पडली, तो ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा होता. मेघनाद साहांनी 1920 साली दाखवून दिले की, उष्णता वाढत गेली म्हणजे अणूंवरचे इलेक्ट्रॉन सुटू लागतात, आणि इलेक्ट्रॉन गमावलेला अणू पहिल्या रेघा सोडून वेगळ्याच रेघा काढतो. म्हणजे रेघ ठळक की फिकट हे पदार्थ किती आहे एवढ्यावर ठरत नाही. तो पदार्थ त्या उष्णतेला कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरते. वर्गात हात वर करणारी मुले मोजून पटसंख्या सांगता येत नाही. निम्मी पेंगत असतील.

पेनबाईंनी हे समीकरण घेतले आणि हार्वर्डच्या कपाटांत साठलेल्या काचपट्ट्यांना लावले. या काचपट्ट्यांवर ताऱ्यांचे वर्णपट उतरलेले होते. तिथल्या ॲनी जंप कॅननबाईंनी 2,25,300 ताऱ्यांचे वर्गीकरण केले होते आणि ते 1918 ते 1924 या काळात ग्रंथरूपाने बाहेर आले होते; पण या वर्गांचा अर्थ काय, हे कोणी पक्के सांगू शकत नव्हते. पेनबाईंचे उत्तर असे की, हे वर्ग म्हणजे उष्णतेच्या पायऱ्या आहेत. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर गेलात तर पश्चिमेला कललेला पांढराशुभ्र अभिजित आणि पूर्वेला वर आलेली तांबूस रोहिणी एकाच वेळी दिसतील. अभिजितचा पृष्ठभाग साडेनऊ हजार अंशांच्या आसपास, रोहिणीचा चार हजारांच्या आत. दोघांचे वर्णपट शेजारी ठेवले तर दोन निराळ्या विश्वांतले वाटावेत इतके भिन्न; पण फरक आहे तो आचेचा. सामग्री जवळजवळ एकच आहे. माझ्या मते पुस्तकाचा खरा गाभा हा आहे, आणि त्याबद्दल लेखिकेच्या लेखणीत कुठेही अडखळ नाही.

गद्य म्हणून पाहिले तर पुस्तकाचा पहिला भाग कंटाळवाणा आहे हे कबूल करावे लागेल. इतरांनी काय केले, कोणत्या अणूचे कोणते आकडे मिळाले आहेत, याची ती शिस्तशीर जुळवाजुळव आहे. सामान्य वाचकाने तो भाग ओलांडून पुढे जावे. पुढे मात्र भाषेला एक प्रकारची सरळ चाल येते. अलंकार नाही, उद्गार नाही. आकडा कुठून आला, त्यावर किती भरवसा ठेवावा, एवढेच बाई सांगतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. ज्या विषयावर लिहिताना आपल्याकडचे लेखक तिसऱ्या ओळीला 'अनंत' आणि पाचव्या ओळीला 'गूढ' हे शब्द आणल्याशिवाय राहत नाहीत, त्या विषयावर इतके कोरडे राहता येते हे पाहून बरे वाटते.

मग येते तेरावे प्रकरण. त्यात अठरा मूलद्रव्यांचे कोष्टक आहे: ताऱ्यांच्या वातावरणात कोणते किती. सिलिकॉन आहे, लोखंड आहे, आपल्या शोभेच्या दारूतले स्ट्रॉन्शियम आणि बेरियमही आहे. यांतल्या सोळांचे एकमेकांशी प्रमाण पृथ्वीच्या कवचातल्या प्रमाणाशी बऱ्यापैकी जुळते. उरलेली दोन, हायड्रोजन आणि हेलियम, हाताबाहेर जातात. हायड्रोजन तर धातूंच्या दहा लाख पट भरतो.

हा आकडा आला कसा, हे पाहण्यासारखे आहे. सूर्याच्या दृश्य उजेडात हायड्रोजनच्या ज्या रेघा दिसतात, त्या काढायला त्याचा अणू आधी एक पायरी वर चढलेला असावा लागतो, आणि ती पायरी फार उंच आहे. सूर्याच्या पृष्ठभागावरच्या पावणेसहा हजार अंशांच्या उष्णतेत सुमारे वीस कोटी अणूंमागे एखादाच तिथवर पोचतो. बाकीचे खाली स्वस्थ बसून असतात आणि त्या रेघांत त्यांचा काही वाटा नसतो. उलट कॅल्शियमच्या अणूंना सूर्याची उष्णता अशी मानवते की, बहुतेक सगळेच रेघ काढायच्या कामाला लागलेले असतात. म्हणून त्याच्या दोन रेघा सूर्याच्या वर्णपटात सर्वांत ठळक दिसतात. ज्याचा वीस कोटींत एकच अणू बोलतो, त्या हायड्रोजनच्या रेघाही जर ठसठशीत दिसत असतील, तर मुळात तो किती असला पाहिजे! आजचे मोजमाप सांगते की, सूर्यावर कॅल्शियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे सुमारे पाच लाख अणू आहेत. वजनाने पाहिले तर सूर्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन, एक चतुर्थांश हेलियम, आणि ज्या द्रव्यांची आपली पृथ्वी मुख्यतः बनली आहे ती सगळी मिळून शेकडा दोनच्या आत.

कोष्टकात हे सारे होते. त्याखालच्या मजकुरात मात्र बाई सांगतात की, या दोन मूलद्रव्यांचे हे अफाट प्रमाण बहुतकरून वास्तव नसावे. कारण म्हणून हायड्रोजनच्या एकंदर विक्षिप्त वागणुकीकडे बोट दाखवलेले आहे. समीक्षक म्हणून माझा आक्षेप इथे आहे. विक्षिप्तपणा हे कारण नव्हे; कारण सापडले नाही म्हणजे आपण त्याला ते नाव देतो. एकाच समीकरणाने काढलेल्या सोळा ओळी खऱ्या आणि दोन खोट्या, असे म्हणायचे तर समीकरण कुठे फसले ते दाखवायला हवे होते. एरवी प्रत्येक आकड्याचा हिशेब देणारी ही लेखिका एवढ्या एका ठिकाणी हिशेब न देता निकाल देते. वाक्याचा सूरच परका आहे.

तो परका का, हे आता सर्वश्रुत आहे. वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांनी हस्तलिखित आपले गुरू रसेल यांच्याकडे पाठवले. रसेलनी जानेवारी 1925 मध्ये उत्तर लिहिले. बाकी कामाबद्दल आदर होता, पण हायड्रोजन धातूंच्या दहा लाख पट असणे ही गोष्ट उघडच अशक्य आहे असे त्यांचे मत पडले. पेनबाई परक्या देशात दोन वर्षांपूर्वी आलेल्या. केंब्रिजमध्ये शिक्षण पुरे केलेले, पण तिथे स्त्रियांना पदवी देण्याची पद्धत नव्हती. ती 1948 साली सुरू झाली. पुढची वाट हार्वर्डमधून आणि रसेलच्या शब्दावरूनच जाणार होती. वाक्य घातले गेले.

अलीकडे या प्रसंगावर जे लिहिले जाते त्यात रसेल खलनायक होतात, त्यांनी शोध चोरला असेही सांगितले जाते. आपल्याला गोष्टी नीटनेटक्या लागतात. विजयदुर्गावरच्या ओट्यांवर बसून लॉकयरसाहेबाने हेलियम शोधला, असे कोकणात मोठ्या प्रेमाने सांगतात. वस्तुस्थिती अशी की, 18 ऑगस्ट 1868 च्या त्या ग्रहणासाठी फ्रेंच ज्योतिर्विद यान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकयरने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, इंग्लंडातूनच पाहिला. रसेलच्या गोष्टीचेही असेच आहे. स्वतंत्र मार्गांनी सूर्याचे पृथक्करण करून 1929 साली ते स्वतःच हायड्रोजनच्या निष्कर्षावर आले, आणि त्या लेखात त्यांनी पेनबाईंच्या आकड्यांशी आपले आकडे जुळतात हे नाव घेऊन नोंदवले. याला चोरी म्हणत नाहीत. मात्र चार वर्षांपूर्वी आपणच हा निष्कर्ष अशक्य ठरवला होता, हे त्या लेखातून वाचकाला कळत नाही, आणि पुढची बरीच वर्षे श्रेय त्यांच्याच नावे जमा होत राहिले. दोष द्यायचा तर या मौनाला द्यावा.

आणि बाईंना? भित्रेपणाचा ठपका ठेवायला मी तयार नाही, तसेच त्यांच्या बाजूने नुसते अश्रू ढाळायलाही नाही. उत्तरायुष्यात त्यांनी स्वतः हा दोष आपल्याकडेच घेतला. पण एक गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवत नाही. त्यांनी कोष्टक बदलले नाही. दोन ओळी गाळून टाकणे किंवा आकडे थोडे खाली ओढणे सहज शक्य होते. वाक्यही मग घालावे लागले नसते, आणि प्रबंध अधिक एकसंध दिसला असता. त्याऐवजी आकडे आले तसे छापले आणि त्याखाली शंका लिहिली. 1929 साली रसेलना ताडून पाहायला आकडे शिल्लक होते ते यामुळे. पुढे 1939 साली हान्स बेथे यांनी सूर्याच्या उष्णतेचा उगम सविस्तर उलगडला: दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होत असते. एवढ्या खर्चाला पुरेल एवढा साठा सूर्याजवळ आहे, हे तेराव्या प्रकरणातल्या त्या दोन ओळी आधीच सांगत होत्या.

पेनबाई हार्वर्डमध्येच राहिल्या. तिथे त्या शिकवीत असलेले वर्ग विद्यापीठाच्या पत्रिकेत 1945 पर्यंत छापले जात नव्हते. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते 1956 साली. अमेरिकन ज्योतिर्विदांच्या संस्थेने 1976 साली त्यांना आपला सर्वोच्च मान दिला. त्या मानाला हेन्री नॉरिस रसेल यांचेच नाव आहे, आणि तो स्वीकारताना व्याख्यान द्यायचे असते. बाईंनी विषय निवडला तो नवताऱ्यांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासाचा.