पिंपळवंडीच्या नकाशात काय नाही?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पिंपळवंडीच्या शिक्षकाला फार उपयोगी आहे. त्यावरील १ सेंमी म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. समोच्चरेषांवरून चढउतारही वाचता येतात. काळ मात्र त्यात दिसत नाही.

याच जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी बुद्रुकला ज्वालामुखीची राख सापडते. काही संशोधक ती सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानतात, तर काही त्याहून बरीच जुनी. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकालीन अंक कोरलेले आहेत. नकाशात नदी आणि घाट असतात. राख आणि अंक नसतात.

ही उणीव मुलांनी भरावी. वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या वाटा, बुजलेल्या विहिरी, पुराच्या खुणा नकाशाच्या प्रतीवर रंगवाव्यात. छापील नकाशा आणि गावाची आठवण यांत जिथे तफावत दिसेल, तिथून भूगोलाचा तास सुरू करावा.