मूठभर तांदूळ आणि आठवड्याचा हप्ता

परदेशात वाढलेला मुलगा भारतात जाऊन गरिबांसाठी काही करतो म्हणाला, की आईबापांची छाती फुगते आणि पोटात गोळाही येतो. विक्रम अकुला यांचे 'अ फिस्टफुल ऑफ राइस' (२०१०) हे आत्मकथन म्हणूनच आपल्यासारख्यांना जवळचे वाटावे. जन्म हैदराबादचा, बालपण न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीत, आणि १९९० च्या दशकाअखेर तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या कोरडवाहू खेड्यांत गरीब बायकांना छोटी कर्जे देणारी 'एसकेएस' ही संस्था. आमच्या मंडळातल्या दोघातिघांच्या मनात आपापल्या तालुक्यात असेच काही काढायचे घाटते आहे. त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे, मात्र हातात पेन्सिल घेऊन.

संस्था उभी करण्याची प्रकरणे फार चांगली उतरली आहेत. पाच-पाच बायकांचे गट, दर आठवड्याची बैठक, वह्या भरण्यात जाणारा वेळ वाचवण्यासाठी आणलेला संगणक, सारे लेखक उत्साहाने सांगतो. देणग्यांवर काम फार पसरत नाही, नफा दाखवला तर भांडवल आपणहून येते, हा त्याचा मुद्दाही खोटा नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएसचे शेअर ९८५ रुपयांना बाजारात आले आणि ते घ्यायला झुंबड उडाली.

माझे भांडण आहे ते परतफेडीच्या आकड्याशी. शंभरातले जवळजवळ सगळे हप्ते वेळेवर येतात, म्हणजे बायकांचे भले होते आहे, असे हे पुस्तक धरून चालते. पण हप्ता आला एवढेच त्या आकड्यातून कळते. तो कुठून आला हे कळत नाही. शेळीच्या दुधातून आला, दुसऱ्या संस्थेच्या कर्जातून आला, की गटातल्या शेजारणीने अब्रूपोटी भरला? आपल्या आयांची भिशी आठवा. तिथे पैसा बायकांचाच, फिरतोही त्यांच्यातच. इथे पैसा बाहेरचा आणि जामीन मात्र शेजारणीची. हा फरक लेखकाला फारसा टोचत नाही.

पुस्तक आले त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, कर्जबाजारी बायकांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर आंध्र सरकारने वटहुकूम काढला आणि तिथली वसुली कोसळली. एकाच घरात तीन-चार संस्थांची कर्जे गेली होती. एका बाईला दोनपेक्षा जास्त संस्थांनी कर्ज देऊ नये, असे मालेगाम समितीने २०११ मध्ये सुचवले ते उगाच नव्हे. अकुला त्याच वर्षी पायउतार झाले. हैदराबादेतल्याच दुसऱ्या एका संस्थेच्या कर्जांचा बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला: काही घरांत टिकाऊ वस्तू आल्या, काही धंदे वाढले, पण गरिबी हटली किंवा बायकांचा घरातला शब्द वाढला, असे काही आढळले नाही. छोटे कर्ज वाईट नव्हे. ते फक्त कर्ज आहे.

पुस्तकात बचतीला जागा फार थोडी, आणि त्यामागे कायदाही आहे. अशा कंपनीला लोकांच्या ठेवी घेता येत नाहीत; म्हणून भांडवलासाठी बँका आणि शेअरबाजार, आणि बाई कायमची ऋणको. या बाबतीत मला सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक अधिक शिकवून जाते. चेतना सिन्हा यांनी तिची सुरुवात सांगितली आहे. पावसाळ्यापूर्वी घरावर प्लास्टिकचे छप्पर घालायला एका बाईला पैसे साठवायचे होते आणि कुठली बँक तिचे खाते उघडेना. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्जदार बायकांपैकी बऱ्याच निरक्षर होत्या. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली. त्या बाईने कर्ज मागितलेच नव्हते.