जंताची गोळी आणि रक्ताचा हिशोब

झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंत झाले आहेत असे घरातली वडीलधारी मंडळी ठरवून टाकतात. निस्तेज मुलाबद्दल शाळेतही तेच निदान होते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मोहीम चांगलीच आहे. आक्षेप आहे तो तिच्या प्रचारावर. ‘जंत गेले की रक्त वाढते’ हे त्यात इतक्या सहजपणे येते, की गोळी दिली म्हणजे रक्तक्षयाचा प्रश्न मिटला असे शिक्षकाला वाटावे.

मुळात सगळे जंत रक्त पीत नाहीत. गोलकृमी आतड्यातल्या अन्नावर जगतो. सुतासारखे बारीक कृमी रात्री गुदद्वाराशी खाज आणतात, पण रक्ताला हात लावत नाहीत. रक्ताशी खरे वैर अंकुशकृमीचे. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते आणि मोठा झालेला कृमी लहान आतड्याच्या अस्तराला चावून राहतो. नेकॅटर जातीच्या एका कृमीमुळे दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त जाते. अँकिलोस्टोमामुळे त्याच्या पाचपट किंवा अधिक. फळ्यावर हिशोब मांडून पाहा. रक्त कमी असलेल्या मुलाच्या १ मिलिलिटर रक्तात साधारण ०.३५ मिलिग्रॅम लोह असते. दहा नेकॅटर असतील तर रोजची हानी ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे किरकोळ. शंभर असतील तर १ मिलिग्रॅम! त्यातले काही आतड्यात पुन्हा शोषले जाते हे खरे, पण नागली-भाताच्या जेवणातून मुलाच्या अंगी लागणारे लोह फार तर तेवढेच.

तेव्हा ‘जंत आहेत का?’ यापेक्षा ‘कोणते आणि किती?’ हे विचारायला हवे. काटो-काट्झ पद्धतीत ठराविक मापाच्या विष्ठेतील अंडी मोजतात. अंकुशकृमीची अंडी मात्र ग्लिसरीनमुळे लवकर दिसेनाशी होतात; काच तयार झाल्यावर अर्ध्या-एक तासात ती पाहावी लागते. ‘अंडी आढळली नाहीत’ अशा एकाच अहवालावर विसंबू नये.

प्रत्येक मुलाची तपासणी गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून लागण २० टक्क्यांच्या वर असेल तिथे जागतिक आरोग्य संघटना न तपासता गोळी द्यायला सांगते, आणि ते योग्यच आहे. पण २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत ४५ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा अशा सरसकट गोळीने मुलांचे सरासरी हिमोग्लोबिन वाढल्याचे दिसले नाही. यात नवल नाही. थोडे जंत असलेल्या बहुसंख्य मुलांच्या सरासरीत शंभर जंतांचे मूल हरवून जाते.

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गुंता आहे: सिकल सेल. तिथले फिकट मूल जंतांमुळे फिकट असेल, आहारामुळे असेल किंवा जनुकामुळे. ५ ते ११ वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असले तर रक्तक्षय म्हणतात, पण त्या आकड्यावरून कारण कळत नाही. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान व फिक्या दिसतात. इओसिनोफिल वाढलेल्या असल्या तर कृमींची शंका घ्यावी (ॲलर्जीतही त्या वाढतात). सिकल सेलसाठी विद्राव्यता चाचणी आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिस लागते.

गोळी घेऊन दोन महिने झाले आणि मूल तसेच निस्तेज असेल, तर आरोग्य केंद्राला द्यायच्या चिठ्ठीत ‘जंत’ लिहून पाठवू नका. ‘हिमोग्लोबिन, पेशींचा आकार, सिकल सेल आणि ताज्या विष्ठेची तपासणी व्हावी’ असे लिहा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही कळवा. त्यांनी शौचाचा रंग काळा होतो आणि पोटात रक्तस्राव होत असल्याची उगाच शंका येते.