वाळवंट, अहरिमन आणि सहा पेन्सिल सेल

'डिफेंडर्स ऑफ ओॲसिस' हा सेगा कंपनीचा १९९२ सालचा खेळ, गेम गिअर या हातात धरायच्या यंत्रासाठी केलेला. यंत्राचा पडदा जेमतेम सव्वातीन इंचांचा, आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके मावतील एवढा. सहा पेन्सिल सेल घातले की हे यंत्र तीन ते पाच तास चालायचे. तेवढ्या जागेत आणि तेवढ्या वेळात एक राजपुत्र, दिव्यातला जिन, वाळवंट आणि जगाचा संहार करू पाहणारी एक काळोखी सत्ता बसवलेली आहे. पुढे हा खेळ निन्तेन्दोच्या थ्री-डीएस यंत्रावरही मिळू लागला. मी तो तिथेच खेळलो, आणि एखादी कादंबरी पेन्सिल हातात धरून वाचावी तसा खेळलो.

या खेळाची ओळख करून देताना सगळीकडे एकच वाक्य येते: 'अरबी पुराणकथांवर आधारित'. मला हे वाक्य तपासून पाहायचे आहे.

कथानकाचा सांगाडा साधा आहे. आपण शनादारचा राजपुत्र. फार पूर्वी अंधाराचा देव अहरिमन याचा पाडाव झालेला आहे. आता एक साम्राज्य त्याला पुन्हा उठवायच्या खटपटीत आहे आणि ते शनादारवर चालून येते. राजपुत्राच्या सोबतीला दिव्यातला जिन, वाटेत भेटणारे साथीदार, गावोगावची दुकाने, आणि दर काही पावलांवर अंगावर येणारे राक्षस. लढाई पाळीपाळीने: आधी तुम्ही हुकूम द्यायचे, मग दोन्ही बाजूंचे वार. हा साचा १९८६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने जपानात रूढ केला. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते अहरिमनबद्दल. हे नाव अरबी नाही, इराणी आहे. अवेस्तातला अंग्र मइन्यु म्हणजे पुढचा अहरिमन. अहुर मज्दाच्या विरोधात उभी असलेली विनाशाची शक्ती. मुंबईच्या अग्यारीसमोरून रोज जाणाऱ्या वाचकाला हे नाव बगदादपेक्षा जवळचे वाटेल. इस्लामी कथाविश्वात इब्लिस आहे, पण तो ईश्वराच्या तोलाचा प्रतिस्पर्धी नव्हे, हुकूम मोडलेला एक जीव आहे. म्हणजे या खेळातला जगाच्या अंताचा संघर्ष, ज्याच्यावर सारे कथानक टेकले आहे, तो झरथुष्ट्री कल्पनेच्या वळणाचा आहे. त्यावर अंगरखा तेवढा अरबी चढवलेला.

दिवाही तपासण्यासारखा आहे. अल्लाउद्दीनची गोष्ट आंत्वान गालां या फ्रेंच विद्वानाने १७०९ मध्ये पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या मारोनी ख्रिस्ती तरुणाच्या तोंडून ऐकली आणि आपल्या अनुवादात घातली. गालांच्या आधीचे तिचे एकही अरबी हस्तलिखित मिळालेले नाही. शिवाय ती घडते चीनमध्ये. ज्या दिव्याला आज आपण अरबस्तानची खूण मानतो, तो अलेप्पोच्या माणसाने पॅरिसमध्ये सांगितलेल्या, चीनमध्ये घडणाऱ्या गोष्टीतून आला आहे.

तो जपानात कसा पोचला? १८७५ मध्ये नागामिने हिदेकी यांनी 'अरेबियन नाइट्स'चा पहिला जपानी अनुवाद केला, तोही इंग्रजीवरून. इथे मराठी वाचकाला थांबावेच लागते. त्याच शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हाती घेतल्या त्या इंग्रजीवरूनच, नावात 'अरबी भाषेतील' असले तरी. पुणे आणि टोकियो एकमेकांना न ओळखता एकाच सावकाराकडून उसने घेत होते. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये पौर्वात्यवादाची चिकित्सा केली ती पश्चिमेने रंगवलेल्या पूर्वेची. एका पूर्वेने पश्चिमेच्या चष्म्यातून दुसरी पूर्व पाहिली, तर त्या पाहण्याला काय म्हणायचे? त्यामागे वसाहत नाही, सत्तेचा थेट स्वार्थ नाही. पण चष्मा तोच आहे. हा प्रश्न आपल्यालाही तितकाच लागू आहे, आणि मराठीत तो पुरेसा विचारला गेला आहे असे मला वाटत नाही.

खेळाचे मूळ जपानी नाव पाहिले की गुंता आणखी वाढतो: 'शादाम क्रुसेडर: हारुकानारु ओकोकु'. उत्तरार्धाचा अर्थ 'दूरचे राज्य'. पूर्वार्धातला 'क्रुसेडर' मात्र घशात अडकतो. ज्या भूमीतल्या राजपुत्राची ही गोष्ट, त्या भूमीने 'क्रुसेडर' पाहिले ते आक्रमक म्हणून. मध्ययुगीन अरब इतिहासकार त्यांना 'इफ्रंज' म्हणत, म्हणजे फ्रँक. आपला 'फिरंगी' त्याच मुळापासून फारसीमार्गे आला. कुणी मावळ्यांच्या गोष्टीला 'फिरंगी वीर' असे नाव दिले तर आपल्याला कसे वाटेल? टोकियोत तो शब्द धर्मयुद्धाचा उरला नव्हता. ध्येयासाठी लढणारा शूर, एवढाच त्याचा नाद शिल्लक होता. इंग्रजी आवृत्तीत 'क्रुसेडर' गळले आणि ओॲसिसचे रक्षक आले. आखाती युद्ध नुकतेच, १९९१ मध्ये, होऊन गेले होते. त्याचा या बदलाशी संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी जोडत नाही. पण झालेला बदल चांगला, हे म्हणायला पुराव्याची गरज नाही.

एवढे सगळे उसने असूनही हा खेळ मला नुसता बाजारू वाटत नाही, आणि त्याचे कारण जिन आहे. मूळ कथांमधले जिन मोठे बेभरवशाचे. कोळ्याच्या गोष्टीतला, सुलेमानाने कुपीत कोंडलेला जिन सुटका करणाऱ्यालाच मारायला निघतो आणि कोळी त्याला युक्तीने परत आत घालतो. तिथे बळ उपयोगाचे नाही, डोके लागते. खेळातला जिन असा नाही, तो निष्ठावंत साथी आहे. इथे मूळातला खट्याळपणा हरवला, याची मला खंत वाटते.

पण एका नियमात तो वेगळेपण टिकवून आहे. राजपुत्र आणि बाकीची माणसे लढून लढून अनुभव मिळवतात आणि त्यांची पातळी चढते. जिनाला तो अनुभव लागू पडत नाही. तो वाढतो खास त्याच्यासाठी शोधून आणलेल्या वस्तूंनी. शेकडो राक्षस मारा, तो होता तेवढाच. बाकीच्यांचे आकडे प्रत्येक लढाईनंतर सरकत असतात आणि याचे जागच्या जागी. सुरुवातीला ही मला रचनेतली चूकच वाटावी, इतके ते खटकते. मग लक्षात येते की कुराणात धूर नसलेल्या अग्नीपासून घडवलेला म्हटलेला हा जीव माणसासारखा शिकत नाही, हे खेळाने संवादात कुठेही न सांगता आकडेमोडीतून सांगितले आहे. राजपुत्राला त्याची काळजी वाहावी लागते, कुठल्या कोपऱ्यात काय दडले आहे हे त्याच्यासाठी शोधावे लागते. म्हणजे धनी कोण आणि चाकर कोण, हे नाते हिशेबात उलटे होते. असला विचार त्याच वर्षी आलेल्या डिस्नेच्या 'अलादीन'मधल्या तीन वरांच्या जिनात मला सापडला नाही.

थ्री-डीएसचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले. आता हा खेळ तिथून नव्याने विकत घेता येत नाही. ज्याला तपासायचा असेल त्याने जुनी काडतुसे आणि चालू स्थितीतले गेम गिअर शोधावे, आणि सहा पेन्सिल सेल बरोबर ठेवावेत.